समाजमाध्यमांचे प्रयोग आणि माणसाची संमती

विज्ञानाची वाटचाल प्रयोगावाचून होत नाही आणि माणसाच्या हितासाठी करावयाचे काही प्रयोग अखेर माणसावरच करून पाहावे लागतात, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. मुंबई नगरीला तर तिचा अनुभव सव्वाशे वर्षांहून अधिक जुना आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी स्वेच्छेने पुढे आले, त्यांना ती देण्यात आली. कैदेत असलेल्या माणसाची स्वेच्छा कितपत खरी मानावी, असा प्रश्न आजचा अभ्यासक विचारील आणि तो रास्तही आहे. तथापि त्या प्रयोगात एक गोष्ट स्पष्ट होती. ज्याच्या अंगात सुई शिरत होती, त्याला ती शिरत असल्याचे कळत होते आणि ती टोचणारा माणूस त्याच्यासमोर उभा होता.

आता प्रयोगाचे स्वरूप पालटले आहे. सहभागी माणसांच्या संख्येच्या दृष्टीने पाहिले, तर आजचे मोठमोठे मानवी प्रयोग रुग्णालयात वा प्रयोगशाळेत होत नाहीत. ते हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर होतात. त्यांत सुई नाही, औषध नाही आणि समोर कोणी वैद्यही नाही. ज्याच्यावर प्रयोग होतो, तो आपल्या घरी चहा घेता घेता मित्रांची ख्यालीखुशाली वाचत असतो. समाजमाध्यमे चालविणाऱ्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांवर असे प्रयोग करावेत काय, आणि करावयाचे झाल्यास कोणत्या मर्यादेत, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

एका आठवड्याचा प्रयोग

या प्रश्नाची चर्चा जगभर सुरू झाली ती २०१४ च्या जून महिन्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’ या नियतकालिकात त्या महिन्यात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. फेसबुक कंपनीतील संशोधक ॲडम क्रेमर आणि त्यांचे दोन सहलेखक, जेमी गिलोरी व जेफ्री हँकॉक, यांनी तो लिहिला होता. हँकॉक हे त्या वेळी कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक होते. एका माणसाची भावना दुसऱ्याला लागते हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. परंतु समोरासमोर भेट न होता, केवळ लिहिलेल्या शब्दांतून ती लागते काय, हे या संशोधकांना पाहावयाचे होते.

फेसबुक उघडताच मित्रांच्या नोंदींची जी यादी समोर येते, तिला त्या वेळी ‘न्यूज फीड’ म्हणत. या यादीत मित्रांनी लिहिलेले सर्वच काही येत नाही. ते सारे वाचणे कोणालाही शक्य नसल्यामुळे त्यातील काय दाखवावयाचे, याची निवड कंपनीची संगणकीय आज्ञावली नेहमीच करीत असते. ११ ते १८ जानेवारी २०१२ या आठवड्यात या निवडीमध्ये हेतुपुरस्सर फेरफार करण्यात आला. एका गटातील लोकांच्या यादीतून आनंददर्शक शब्द असलेल्या काही नोंदी गाळण्यात आल्या. दुसऱ्या गटाच्या यादीतून दुःख वा राग दर्शविणारे शब्द असलेल्या काही नोंदी गाळण्यात आल्या. अशी एखादी नोंद गाळली जाण्याची शक्यता व्यक्तीनुसार १० ते ९० टक्क्यांपर्यंत ठेवलेली होती. तुलनेसाठी आणखी दोन गट होते. गाळलेली नोंद कायमची पुसली जात नव्हती. मित्राच्या स्वतःच्या पानावर जाऊन कोणालाही ती पाहता येत होती. तथापि ती गाळली गेली आहे हेच ठाऊक नसेल, तर ती शोधावयास कोण जाणार?

एकूण ६,८९,००३ व्यक्ती या प्रयोगात सामील झाल्या; अधिक अचूक बोलावयाचे तर सामील केल्या गेल्या. त्यांनी लिहिलेल्या ३० लाखांहून अधिक नोंदींतील १२ कोटी २० लाखांहून अधिक शब्द संगणकाने तपासले. ज्यांच्या यादीतून आनंदाच्या नोंदी कमी केल्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या लेखनातही आनंददर्शक शब्दांचे प्रमाण ०.१ टक्क्याने घटले आणि दुःखदर्शक शब्दांचे प्रमाण ०.०४ टक्क्याने वाढले. दुसऱ्या गटात याच्या उलट घडले. भावना शब्दांवाटेही लागते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. शब्द मोजून भावना मोजता येते काय, ‘मी आनंदी नाही’ या वाक्यातील ‘आनंदी’ हा शब्द संगणक कोणत्या रकान्यात टाकणार, असे आक्षेप पुढे घेतले गेले. ते शास्त्रीय स्वरूपाचे आहेत. नीतीचा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

फेसबुक इंग्रजीतून पाहणारी कोणतीही व्यक्ती या प्रयोगासाठी निवडीस पात्र होती. म्हणजेच त्या आठवड्यात मुंबईत, नागपुरात किंवा पणजीत बसून इंग्रजीतून फेसबुक पाहणारी व्यक्तीही तीत असू शकत होती. ती होती की नव्हती, हे तिला त्या वेळी सांगण्यात आले नाही आणि नंतरही सांगण्यात आले नाही. वय किंवा मनाची अवस्था विचारात घेऊन कोणाला वगळल्याचा उल्लेख निबंधात आढळत नाही. पुरेशी मोठी संख्या घेतली की तीत नुकतेच घरातील माणूस गमावलेले लोक असतात, नैराश्याने ग्रासलेले असतात आणि कोवळ्या वयाची मुलेही असतात. सात लाखांच्या आसपासच्या समुदायात अशी माणसे नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही.

वापराची संमती, प्रयोगाची संमती

लोकांची संमती घेतली होती काय, या प्रश्नाला निबंधात उत्तर दिलेले आहे. खाते उघडताना प्रत्येकजण कंपनीच्या माहितीवापराच्या धोरणाला मान्यता देतो. या संशोधनापुरती तीच समजून-उमजून दिलेली संमती होय, असा त्याचा आशय आहे. सर्व वादाचे मूळ या एका विधानात आहे.

खाते उघडताना कोणता करार होतो? ग्राहक आपली माहिती देतो, जाहिराती पाहण्यास तयार होतो आणि त्याच्या बदल्यात त्याला मित्रांशी संपर्क साधण्याची सोय मिळते. पानेच्या पाने भरलेला तो मसुदा कोणी वाचीत नाही, हे तो लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही वापरापुरती ही संमती व्यवहारात चालवून घेतली जाते. बसचे तिकीट काढणारा प्रवासी महामंडळाचे सर्व नियम वाचून बसमध्ये चढतो असे नाही. तथापि त्या तिकिटाच्या आधारे, प्रवाशांना कोणत्या गोष्टीने भीती वाटते हे पाहण्यासाठी चालकाने गाडी मुद्दाम निराळ्या पद्धतीने हाकली आणि ‘तिकिटाच्या मागे तसे छापले आहे’ असे सांगितले, तर ते कोणी मान्य करणार नाही. प्रवासाची संमती प्रवासापुरती असते.

येथे तर तिकिटाच्या मागेही ते छापलेले नव्हते. प्रयोग झाला तो जानेवारी २०१२ मध्ये. माहितीचा उपयोग संशोधनासाठी होऊ शकेल, असा उल्लेख कंपनीच्या धोरणात दाखल झाला तो त्याच वर्षी मे महिन्यात, ही गोष्ट २०१४ च्या वादात उजेडात आली.

टीकेचे वादळ उठल्यावर क्रेमर यांनी जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली. कंपनीच्या वरिष्ठ अधिकारी शेरिल सँडबर्ग त्या वेळी भारताच्या भेटीवर होत्या. जुलै २०१४ च्या प्रारंभी नवी दिल्ली येथे त्यांनी या प्रकरणी खेद व्यक्त केला. परंतु तो प्रयोगाबद्दल नव्हता, तर तो लोकांना नीट समजावून सांगितला गेला नाही याबद्दल होता. हा भेद सूक्ष्म असला, तरी महत्त्वाचा आहे. न विचारणे ही चूक होती, की विचारले नाही हे बाहेर फुटणे ही चूक होती, या दोहोंतील अंतर त्यात दिसते.

नियम आहेत, पण कोणासाठी?

माणसावरील प्रयोगांसाठी जगाने नियम केले ते फार मोठी किंमत मोजून. नाझी वैद्यांनी बंदिवानांवर केलेल्या अत्याचारांच्या खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता निर्माण झाली. व्यक्तीची स्वेच्छापूर्वक संमती अनिवार्य होय, हे तिचे पहिलेच सूत्र आहे. अमेरिकेत टस्कीगी येथे शासकीय आरोग्यसेवेने १९३२ पासून १९७२ पर्यंत उपदंशाची बाधा झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना खरा आजार न सांगता, पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते न देता, केवळ निरीक्षणाखाली ठेवले. हे उघडकीस आल्यावर १९७४ साली तेथे कायदा झाला आणि १९७९ साली बेलमाँट अहवाल प्रसिद्ध झाला. व्यक्तीचा आदर, व्यक्तीचे हित आणि न्याय ही तीन तत्त्वे त्यात सांगितली आहेत. मनुष्य हा संशोधनाचे केवळ साधन नव्हे, हा या तिन्हींचा गाभा आहे.

एका आठवड्यासाठी काही नोंदी गाळणे आणि चाळीस वर्षे उपचार नाकारणे यांची बरोबरी कोणीही करणार नाही. परंतु नियमांची गरज केवळ घोर अपराधांसाठी नसते. अपराधाचा मार्ग आरंभीच अडवावा, यासाठी ती असते.

अमेरिकेतील हे नियम प्रामुख्याने शासकीय अनुदानातून होणाऱ्या संशोधनास लागू आहेत. विद्यापीठातील प्राध्यापकाला वीस विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली द्यावयाची असली, तरी प्रथम नीतिविषयक समितीकडे जावे लागते. खासगी कंपनीने स्वतःच्या पैशाने लाखो लोकांवर प्रयोग केला, तर तिच्यावर तसे बंधन नाही. फेसबुकच्या प्रयोगात हीच फट दिसून आली. प्रयोग कंपनीने स्वतंत्रपणे केला आणि आपल्या प्राध्यापकाला केवळ निष्कर्ष पाहावयास मिळाले, व्यक्तींची माहिती नव्हे. म्हणून आपल्या समितीने त्याची छाननी करण्याचे कारण नव्हते, अशी भूमिका कॉर्नेल विद्यापीठाने घेतली. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाने जुलै २०१४ मध्ये संपादकीय चिंता व्यक्त करणारे निवेदन काढले. कंपनीवर ते नियम बंधनकारक नव्हते हे मान्य करूनही, समजून दिलेली संमती आणि प्रयोगातून बाहेर पडण्याची मुभा या तत्त्वांशी माहिती गोळा करण्याची पद्धत पूर्णतः सुसंगत नसावी, असे त्यात म्हटले होते.

म्हणजे विद्यापीठ म्हणाले की प्रयोग कंपनीचा आहे. कंपनीला नियम लागू नव्हते. आणि नियतकालिकाने निबंध छापल्यानंतर चिंता व्यक्त केली. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी नियमाला धरून होते. सुमारे सात लाख माणसांच्या बाजूने विचार करण्याचे काम मात्र या साखळीत कोणाकडेच नव्हते.

‘परिणाम तर अल्प होता’

या प्रयोगाच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते की, परिणाम अत्यंत अल्प होता. हजार शब्दांमागे एखाद्या शब्दाचा फरक. त्याने कोणाचे काय बिघडणार? हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु याच निबंधात लेखकांनी असेही दाखवून दिले आहे की, फेसबुकचा व्याप लक्षात घेता एवढ्या अल्प परिणामाचाही अर्थ २०१३ च्या प्रारंभी दररोज भावनेच्या लक्षावधी अभिव्यक्ती असा झाला असता. शोधाचे महत्त्व सांगताना व्याप मोठा आणि जबाबदारीचा प्रश्न आला की परिणाम लहान, असे दोन्ही बाजूंनी बोलता येणार नाही.

शिवाय सरासरी ही फसवी असते. गावातील विहिरीच्या पाण्याची सरासरी खोली गुडघाभर आहे, एवढ्यावर विसंबून कोणी लहान मुलाला पाण्यात सोडीत नाही. सरासरी परिणाम नगण्य असतानाही एखाद्या खचलेल्या माणसावर तो नगण्य नसू शकतो. तसे घडल्याचा पुरावा नाही, हे खरे. परंतु तसे घडले असते, तर ते ओळखून प्रयोग थांबविण्याची व्यवस्था असल्याचेही निबंधात नमूद नाही.

मत, नोकरी आणि जीवनसाथी

फेसबुकच्या या एका प्रयोगापुरता हा प्रश्न मर्यादित असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. समाजमाध्यमांचे प्रयोग माणसाच्या सार्वजनिक आणि खासगी जीवनाच्या मर्मस्थानांपर्यंत पोहोचले आहेत.

२ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत संसदेची निवडणूक होती. त्या दिवशी फेसबुकने सुमारे ६ कोटी १० लाख प्रौढ ग्राहकांवर एक प्रयोग केला. बहुतेकांना मतदानाची आठवण करून देणारा संदेश आणि मतदान केलेल्या मित्रांची छायाचित्रे दाखविली; एका लहान गटाला छायाचित्रांवाचून संदेश दाखविला; आणि तेवढ्याच एका गटाला काहीच दाखविले नाही. २०१२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. संदेशामुळे प्रत्यक्षपणे सुमारे ६० हजार आणि मित्रांच्या प्रभावामुळे आणखी सुमारे २ लाख ८० हजार मते अधिक पडली, असा संशोधकांचा अंदाज होता. मतदानास प्रोत्साहन देणे हे उत्तम कार्य आहे, यात शंका नाही. परंतु जी यंत्रणा सर्वांना आठवण करून देऊ शकते, ती उद्या एकाच पक्षाच्या समर्थकांना आठवण करून देऊ शकेल आणि इतरांना त्याचा पत्ताही लागणार नाही. हार्वर्ड विद्यापीठातील विधिशास्त्राचे प्राध्यापक जोनाथन झिट्रेन यांनी २०१४ साली याच धोक्याकडे लक्ष वेधले होते.

दुसरे उदाहरण लिंक्डइनचे. नोकरी-व्यवसायाच्या संबंधांसाठी हे माध्यम वापरले जाते. ‘यांना आपण ओळखत असाल’ अशी शिफारस तेथे ग्राहकांना केली जाते. २०१५ ते २०१९ या काळात २ कोटींहून अधिक ग्राहकांच्या बाबतीत या शिफारशी वेगवेगळ्या प्रमाणात बदलून पाहण्यात आल्या आणि २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अगदी जवळच्या माणसांपेक्षा काहीशा दूरच्या ओळखी नोकरी मिळण्यास अधिक उपयोगी पडतात, असे त्यातून दिसले. शोध मोलाचा आहे. परंतु त्याचा दुसरा अर्थ असाही होतो की, काही उमेदवारांच्या वाट्याला कमी उपयोगी शिफारशी आल्या आणि आपल्याला नोकरी मिळण्याच्या संधीत असा काही हात आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

तिसरे उदाहरण विवाह व स्नेहसंबंध जुळविणाऱ्या ओकेक्युपिड या संकेतस्थळाचे. त्याचे एक संस्थापक ख्रिश्चन रडर यांनी जुलै २०१४ मध्ये, फेसबुकवर टीका चालू असतानाच, आपणही माणसांवर प्रयोग करतो, असे उघडपणे लिहिले. ज्यांचे परस्परांशी जुळण्याचे प्रमाण त्यांच्या गणितानुसार ३० टक्के होते, अशा काही जोड्यांना ते ९० टक्के असल्याचे सांगण्यात आले होते. येथे केवळ न सांगणे नव्हते, तर असत्य सांगणे होते. प्रयोग संपल्यावर संबंधितांना खरे प्रमाण कळविले, असे रडर यांनी नमूद केले आहे. त्या बाबतीत हा प्रयोग फेसबुकच्या प्रयोगाहून उजवा ठरतो.

कंपन्यांची बाजू

दुसरी बाजूही न्यायबुद्धीने ऐकून घेतली पाहिजे. पहिला मुद्दा असा की, कोणतीही सोय सुधारावयाची तर दोन पद्धतींची तुलना करावीच लागते. अक्षरे मोठी असावीत की लहान, बटन उजवीकडे असावे की डावीकडे, हे प्रत्येक वेळी परवानगी घेऊन ठरवावयाचे म्हटले तर काम चालणार नाही. दुसरा मुद्दा असा की, यादीत काय दाखवावयाचे याची निवड कंपनी रोजच करते. प्रयोग नसतानाही पडद्यावर येणारे चित्र नैसर्गिक नसतेच. तिसरा मुद्दा अधिक विचार करावयास लावणारा आहे आणि तो मिशेल मायर यांच्यासारख्या संशोधननीतीच्या अभ्यासकांनी मांडला आहे. एखादा बदल परिणाम न पाहता सर्वांवर लादला, तर कोणी आक्षेप घेत नाही. तोच बदल अर्ध्या लोकांवर करून परिणाम तपासला, तर मात्र ओरड होते. हे तर्काला धरून आहे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

या मुद्द्यांत तथ्य आहे. परिणाम न तपासता केलेला बदल हा तपासून केलेल्या बदलाहून अधिक नैतिक ठरत नाही. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष तपासणी गुप्त ठेवावी असा नसून, बदलाचीही जबाबदारी घ्यावी असा आहे. बटनाची जागा पाहणे आणि माणसाला उदास करता येते काय हे पाहणे, या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत. पहिल्या प्रयोगाचा हेतू वस्तू सुधारण्याचा आहे. दुसऱ्यात माणूस हीच अभ्यासाची वस्तू आहे.

निवडीच्या मुद्द्याविषयी असे म्हणता येईल की, वृत्तपत्राचा संपादकही निवड करतो. पण त्याचा अंक सर्व वाचकांच्या हाती सारखाच पडतो. त्यात काय आले आणि काय गाळले, याची दुसऱ्या वृत्तपत्राशी तुलना करता येते. आणि जबाबदार संपादकाचे नाव त्यावर छापलेले असते. समाजमाध्यमाचा अंक प्रत्येकासाठी निराळा निघतो. शेजाऱ्याच्या पडद्यावर काय आले हे कळत नाही आणि आपल्या पडद्यावर काय आले नाही हे तर मुळीच कळत नाही. जेथे पडताळा पाहण्याची सोय नाही, तेथे सांगण्याचे कर्तव्य वाढते.

भारतातील स्थिती

भारतात मानवी संशोधनाच्या नीतीचा विचार जुना आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याविषयीचे पहिले धोरणनिवेदन १९८० साली काढले आणि २०१७ साली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. औषधांच्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदवहीत आगाऊ नोंद करणे १५ जून २००९ पासून सक्तीचे आहे. परंतु ही सर्व व्यवस्था प्रामुख्याने वैद्यकीय व आरोग्यविषयक संशोधनासाठी आहे.

व्यक्तीचे खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ साली संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन त्यांची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी ठरविण्यात आली. संमती ही मुक्त, विशिष्ट प्रयोजनापुरती, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, असे हा अधिनियम सांगतो. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असेही त्यात आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. म्हणजेच मराठी माणसाला ती मराठीत मागता येईल. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास त्यात मनाई आहे.

ही पावले स्वागतार्ह आहेत. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. हा कायदा माहितीच्या रक्षणाचा आहे. माणसाकडून काय घेतले, हे तो प्रामुख्याने विचारतो. प्रयोगाच्या बाबतीत विचारावयाचा प्रश्न, माणसाचे काय केले, हा आहे. संशोधन व सांख्यिकी यांच्या प्रयोजनासाठी काही अटींवर सूटही अधिनियमात आहे. पडद्यावरील प्रयोगांसाठी मात्र त्यात स्वतंत्र प्रकरण नाही.

काय करता येईल?

उपाय नव्याने शोधून काढावे लागतील असे नाही. वैद्यकाने ते शोधलेले आहेत. पहिला उपाय म्हणजे वेगळी संमती. ‘आपणांस अधूनमधून संशोधनात सहभागी करून घेतले तर चालेल काय?’ असा एक साधा प्रश्न ग्राहकाच्या भाषेत विचारावा आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याची सोय कमी करू नये. आधी सांगितले तर प्रयोगच बिघडेल, असा आक्षेप यावर घेतला जातो. मानसशास्त्राने त्यावर मार्ग काढलेला आहे. सर्वसाधारण संमती आधी घ्यावी, तपशील प्रयोगानंतर सांगावा आणि ज्याला आपली माहिती काढून घ्यावयाची असेल, त्याला ती काढून घेऊ द्यावी.

दुसरा उपाय म्हणजे बाहेरची देखरेख. फेसबुकने ऑक्टोबर २०१४ मध्ये संशोधनाच्या छाननीसाठी अंतर्गत व्यवस्था जाहीर केली होती. ती आवश्यक असली, तरी पुरेशी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तत्त्वांनुसार नीतिसमितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, आणि समितीत कायद्याचा जाणकार व एक सर्वसामान्य नागरिकही असावा लागतो. भावना, आरोग्य, मतदान व रोजगार यांना स्पर्श करणाऱ्या प्रयोगांपुरती तरी अशी समिती असण्यास अडचण नसावी. तिसरा उपाय म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांना अशा प्रयोगांतून पूर्णपणे वगळणे. चौथा उपाय म्हणजे औषधांच्या चाचण्यांप्रमाणे मोठ्या प्रयोगांची सार्वजनिक नोंद. आणि हेच नियम, लोकांच्या वर्तनाचा अभ्यास करू पाहणाऱ्या शासकीय यंत्रणांनाही लागू असावेत; कारण न विचारता केलेला प्रयोग सद्हेतूने झाला म्हणून विचारून केलेला ठरत नाही.

श्रोतेहो, कायदा होईल तेव्हा होईल. दरम्यान नागरिकाच्या हातीही काही आहे. संमतीची सूचना मराठीत मागावी आणि ती वाचावी. आपल्या माहितीचा उपयोग कशासाठी होतो, हे कंपनीला लेखी विचारावे. शाळांतून आणि ग्रंथालयांतून मुलांना एवढे तरी सांगावे की, पडद्यावर जे दिसते ते कोणीतरी निवडलेले असते आणि जे दिसत नाही तेही कोणीतरी निवडलेले असते. २०१२ च्या त्या आठवड्यात ज्या व्यक्तींच्या यादीतून मित्रांचे आनंदाचे शब्द गाळले गेले, त्यांच्यापैकी कोणालाही आजतागायत ‘ती व्यक्ती आपण होता’ असे कळविण्यात आलेले नाही. यापुढील प्रयोगांत तरी तसे कळविले जावे, ही मागणी माफक आहे आणि ती करण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे.